जुने बोइंग ७५७ वैमानिकांना अजूनही इतके प्रिय का आहे?

माहुलीकर (सातारा)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझा भाचा कऱ्हाडच्या धावपट्टीवर वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे, त्यामुळे तो घरी आला की आमच्याकडे जेवतानाही विमानांचाच विषय निघतो. त्याच्या ओळखीतले ज्येष्ठ वैमानिक आवडत्या विमानाचा विषय निघताच बोइंग ७५७ चे नाव घेतात, असे तो सांगतो. हे विमान १९८२ साली प्रथम उडाले, १९८३ पासून प्रवासी सेवेत आले आणि २००४ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. एकूण १,०५० विमाने बनली. ज्या विमानाला कंपन्यांनी नवी मागणी देणेच थांबवले, त्याच्याविषयी ते चालवणाऱ्यांनी इतक्या जिव्हाळ्याने बोलावे, यामागे केवळ उमेदीच्या काळातील आठवणी आहेत की विमानाच्या रचनेतच तसे काही आहे?

निवृत्त कॅप्टन (विश्रामबाग, सांगली)

माहुलीकर, मी काही वर्षे मालवाहू ७५७ चालवले आहे, तेव्हा माझे मत तटस्थ समजू नका. आठवणींचा वाटा असतोच. पण आम्ही चालवलेल्या प्रत्येक विमानाविषयी आम्ही असे बोलत नाही.

लोक म्हणतात की ७५७ ला अफाट ताकद आहे. हे अर्धेच खरे आहे. पूर्ण भरलेल्या ७५७ चे वजन ११५ टनांहून थोडे अधिक असते आणि त्याच्या प्रत्येक इंजिनाचा जोर सुमारे ४०,००० पौंड असतो. वजन आणि जोर यांचे हे गुणोत्तर पूर्ण भरलेल्या, बोइंगच्याच छोट्या ७३७-८०० पेक्षा फारसे वेगळे निघत नाही. खरी गंमत पुढे आहे. हे विमान लांब पल्ल्यासाठी बांधलेले असल्यामुळे त्याच्या टाक्यांत सुमारे ३४ टन इंधन मावते, आणि तास-दीड तासाच्या उड्डाणाला त्याचा तिसरा हिस्साही पुरतो. अशा वेळी विमान वीस-पंचवीस टनांनी हलके असते, इंजिने मात्र तीच असतात. आपल्याकडे गळीत हंगामात कारखान्यावर ऊस उतरवून रिकामा परतणारा ट्रॅक्टर ज्या ऐटीत पळतो, तसाच हा प्रकार आहे.

ही ऐट केवळ मौजेची नसते. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले, तरी चाके आत घेतल्यावर दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने किमान २.४ टक्के चढ राखलाच पाहिजे, असा नियम आहे. उंचावरच्या विमानतळावर किंवा कडक उन्हात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि हा किमान चढ राखण्यासाठी प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते. तुमचा भाचा एप्रिलच्या दुपारी एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन निघतो, तेव्हा उंचीमापकाचा काटा किती रेंगाळतो, हे त्याला विचारा. ७५७ मध्ये ही चिंता पुष्कळच कमी असे. म्हणूनच अमेरिकन एअरलाइन्सने ते बोलिव्हियातील चार हजार मीटरहून उंच असलेल्या ला पाझला नेले.

शिवाय पंख मोठा, पाय उंच. ७३७ लांबवत नेले तसे उतरताना शेपूट जमिनीला घासण्याचा धोका वाढला आणि उतरण्याचा वेग वाढवावा लागला. ७५७-२०० मात्र त्याच्या आकाराच्या मानाने संथपणे उतरते. स्वयंचलित यंत्रणेने जोर कमी-जास्त केला की थ्रॉटल, म्हणजे जोराचे दांडे, हाताखाली प्रत्यक्ष सरकतात आणि यंत्रणा काय करते आहे ते न पाहताही समजते. एअरबसमध्ये ते एकाच खाचेत स्थिर राहतात. त्याचीही सवय होते, असे सहकारी सांगतात. मला झाली नाही.

मिरज जंक्शन

कॅप्टनसाहेबांचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. माझे आयुष्य विमानांच्या देखभालीत गेले. वैमानिकाला जी शिल्लक ताकद वाटते, ती कंपनीच्या हिशेबात रोज उचलून न्यावे लागणारे लोखंड असते. ७५७ च्या पंखाचे क्षेत्रफळ सुमारे १८५ चौरस मीटर आहे आणि एअरबसच्या नव्या ए-३२१ निओचे सव्वाशेच्या आसपास. तरीही जवळपास तेवढेच प्रवासी घेऊन नवे विमान बरेच कमी इंधन जाळते. २००१ नंतर विमान व्यवसाय मंदीत गेला, तेव्हा मध्यम पल्ल्यावर इतके सशक्त विमान पोसणे कोणाला परवडणार होते? ते बंद पडले यात मला अन्याय दिसत नाही. एक मात्र कबूल करतो: ७५७ आणि ७६७ यांचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याचा परवाना, एकच असल्यामुळे वैमानिकाला आज अरुंद ७५७ आणि उद्या रुंद ७६७ चालवता येत असे, आणि ही सोय कंपनीलाही हवीहवीशी होती.

माहुलीकर (सातारा)

दोघांचेही आभार. भाच्याचा एक प्रश्न आहे: ७५७ च्या मागून येणाऱ्या छोट्या विमानांनी जास्त अंतर ठेवावे, असे त्याला शिकवले आहे, मग ते विमान वजनाने 'जड' वर्गात मोडते का?

निवृत्त कॅप्टन (विश्रामबाग, सांगली)

आंतरराष्ट्रीय वर्गवारीत 'जड' वर्ग १३६ टनांपासून सुरू होतो, त्यामुळे वजनाने ७५७ मध्यम वर्गातच बसते. तथापि त्याच्या पंखांमागे उठणारे भोवरे त्या वर्गाच्या मानाने फार तीव्र असतात. डिसेंबर १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील सान्ता आना येथे ७५७ च्या मागून उतरणारे छोटे जेट त्यात सापडून कोसळले आणि आतील पाचही जण दगावले. त्यानंतर अमेरिकेत ७५७ मागचे अंतर वाढवण्यात आले, आणि इतरही अनेक देशांत ते पुढे असताना त्याला जड विमानासारखेच वागवतात. मिरजकरांच्या हिशेबात हा खर्चही धरावा, कारण मागच्या विमानाला थांबावे लागते. भारतात ब्लू डार्टची मालवाहू ७५७ उडत असतात. तेव्हा पुढे-मागे भाच्याला मोठ्या विमानतळावर त्यांच्या मागे उतरण्याची वेळ आली, तर नियंत्रकाने सांगितलेले अंतर त्याने काटेकोरपणे पाळावे, आणि ते अपुरे वाटले तर नियंत्रकाकडे जास्त अंतराची मागणी करण्यास संकोच करू नये.