व्हिएतनामी विद्यार्थिनी वर्गात गप्प का?

प्रश्न:
मेलबर्नला मास्टर्सचे ट्युटोरियल घेते. हनोईची एक मुलगी सहा आठवडे अवाक्षर बोललेली नाही. निबंध मात्र नेटके. तिला बोलतं कसं करू?

उत्तर १:
ताई, मेलबर्नच्याच फुट्सक्रे भागात माझी रूममेट हो ची मिन्ह सिटीची होती. व्हिएतनामीत समोरच्याशी नातं पाहून 'मी'साठीचा शब्द बदलतो. शिकवणाऱ्या बाई 'को', आणि विद्यार्थी स्वतःला म्हणणार 'एम', म्हणजे धाकटं भावंड. तिथून इथे येऊन थेट प्राध्यापकांना नावाने हाक मारून 'मला हे पटत नाही' म्हणायचं! (आपल्यालाही 'सर' सोडवत नाही.) माझी रूममेट आधी लेक्चर शब्दन् शब्द उतरवायची. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारू लागली: डावीकडे लेखकाचं म्हणणं, उजवीकडे 'मला पटतं का?' मार्चमध्ये उजवी बाजू कोरी होती, ऑक्टोबरात समासापर्यंत भरलेली.

उत्तर २:
प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. आधी जोडीत बोलू द्या, मग वर्गासमोर.

प्रश्नकर्ती:
आज जोड्या केल्या. ती हळूच म्हणाली, लेखकाने उदाहरणं फक्त शहरातली घेतलीत. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. फार बरं वाटलं.