मदत हवी आहे: मोठा मासा काठापर्यंत येतो आणि सुटतो

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. गळ टाकायला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

रविवारी संध्याकाळी मामांबरोबर हरिपूरला बसलो होतो, वारणा कृष्णेला मिळते त्याच्या जरा खाली. शेंगपेंडेचा गोळा, पंधरा पौंडी साधा नायलॉन दोरा. सहाच्या सुमाराला रॉड असा वाकला की खाली ठेवलेला चहा लवंडला. पंधरा मिनिटं नुसती ओढाताण. शेवटी मामा गुडघाभर पाण्यात उतरले, कल्ल्यात बोटं घातली आणि कटला वर काढला. पावणेपाच किलो भरला! (निम्मं डोकंच, असं मामी म्हणाल्या. सोडा.)

मग घाईत, मोबाइलच्या उजेडात नवा गळ बांधला. अर्ध्या तासात त्याच जागी दुसरा लागला. हा जडच होता. वर यायचं नावच घेईना, तळाशी गोल फिरत राहिला. काठापासून दहा फुटांवर आणला, तेवढ्यात त्यानं एक हिसडा दिला आणि दोरा सैल पडला. गळासकट गेला.

मामा म्हणतात शिवडा होता, दातानं दोरा कापला. पण शिवडा तर मासे खाणारा, तो पेंड कशाला खाईल? आणि दोऱ्याचं टोक तुटल्यासारखं दिसत नाही, डुकराच्या शेपटीगत वेटोळं झालंय. दोरा जाड घेऊ का? आणि काठ उतरता, चिखलाचा असेल तर मासा बाहेर काढायचा कसा?

प्रतिसाद १
उत्तर तुमच्या हातातच आहे की राव. दातानं किंवा दगडानं गेला असता तर टोक खरबरीत असतं. वेटोळं झालं म्हणजे गाठ सरकली. दोरा तोच ठेवा. गळाच्या डोळ्यातून ओवून पाच-सहा पिळे द्या, टोक डोळ्यालगतच्या फटीतून घाला, थुंकी लावा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली की घासून तापते, नायलॉन तिथंच कमकुवत होतो. रीळ किती घट्ट ठेवलं होतं? तुमचा दोरा पंधरा पौंड म्हणजे पावणेसात किलो ताण सोसतो. दोरा ताणकाट्याला बांधून ओढा, दोन किलोच्या आसपास रीळनं दोरा सोडायला पाहिजे.

प्रतिसाद २
गाठीचं नंतर बघा, आधी मामांना पाण्यात उतरू देऊ नका. आपल्या कृष्णेत मगरी आहेत, त्यात तिन्हीसांजेला गुडघाभर पाण्यात? लांब दांडीची झोळी घ्या. मासा दमून कुशीवर पडेपर्यंत ओढू नका. झोळी आधीच पाण्यात धरा आणि त्याला डोक्याकडून आत आणा. झोळी घेऊन त्याच्या मागं धावलात की तो परत उसळी मारणार.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आज पाच लिटरचा तेलाचा कॅन पाण्यानं भरून खुंटीला टांगला. माझ्या जुन्या पद्धतीची गाठ कॅन सोडताक्षणी निसटली, टोकाला तेच वेटोळं. तुमची गाठ अजून धरून आहे. रीळ तर मी पार करकचून आवळलेलं निघालं. झोळीला बांबू मिळालाय.

मामांना कॅन दाखवला. म्हणाले, "ते ठीक आहे, पण शिवडाच होता."