आत्याने इच्छापत्र फाडलं. ते रद्द झालं का?

चहाबाज (धागाकर्ता)
आत्या ८१ वर्षांची. निवृत्त शिक्षिका, विधवा, मूलबाळ नाही. डोंबिवलीचा वन-बीएचके तिने स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतला. २०१६ साली इच्छापत्र रजिस्टर केलं: फ्लॅट माझ्या धाकट्या बहिणीला. आत्याचं सगळं तीच बघते. दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या चालू आहेत.

गेल्या महिन्यात आत्याने कागदपत्रांच्या पिशवीतली मूळ प्रत फाडली. घडीवर घडी घालून नीट चार तुकडे केले आणि पोळ्यांच्या डब्याखाली अंथरले. बहिणीने विचारलं तर म्हणाली, "जुनी लाइट बिलं होती गं."

माझं मत: ज्या अवस्थेत नवं इच्छापत्र करता येत नाही, त्या अवस्थेत जुनं मोडताही येऊ नये. घरात दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडा
नाही पटत. कागद तिचा, फ्लॅट तिचा. फाडला, विषय संपला. म्हातारं माणूस घरच्यांच्या सोयीची सही करतं तोवर शहाणं, मनाविरुद्ध वागलं की भ्रमिष्ट. आमच्या आजोबांना काकांनी असंच वेडं ठरवलं आणि त्याच आठवड्यात पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर त्यांचा अंगठा घेतला. वेड्याचा अंगठा बरा चालला!

काळा कोट
तिरपागडा, संताप समजतो, पण इथे धागाकर्त्याचं मत म्हणजे कायदाच आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६२: इच्छापत्र कधीही रद्द करता किंवा बदलता येतं, पण इच्छापत्र करायला लागते तेवढी समज त्या वेळी हवी. कलम ७० प्रमाणे फाडून, जाळूनही रद्द होतं, मात्र रद्द करायच्या हेतूनेच फाडलेलं हवं. लाइट बिल समजून फाडलं तर हेतू कुठाय?

समज म्हणजे किती, ते कलम ५९ खालच्या उदाहरणात आहे. आजूबाजूला काय चाललंय ते माणसाला कळतं, रोजच्या प्रश्नांना उत्तरं देतो, पण आपली मालमत्ता काय, नात्याचं कोण, कोणाला द्यायला हवं, हे नीट उमगत नाही. असा माणूस इच्छापत्र करू शकत नाही. "चहा झाला का?" याला बरोबर उत्तर आलं म्हणून भागत नाही.

आणि इच्छापत्र खरंच गेलं तर? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. मूल नाही, नवरा नाही, तर बाईने स्वतः कमावलेला फ्लॅटही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. माहेरची भाची रांगेत फार मागे.

तिरपागडा
म्हणजे "लाइट बिलं होती" याला साक्ष कोणाची? ज्या भाचीला फ्लॅट मिळणार, तिचीच! बरं, त्या पिशवीत खरी लाइट बिलं होती का? ती फाडली का?

चहाबाज
होती. ती नाही फाडली. खोटं कशाला सांगू? आदल्या दिवशी दिवसभराची बाई ठेवण्यावरून बहिणीचं आणि तिचं वाजलंही होतं.

तिरपागडा
बघा! अहो, ती रागावली होती. रागावलेल्या माणसाला वेडं ठरवू नका.

साठीपार
मी २८ वर्षं वॉर्डात नर्स होते. नुसत्या निदानाने काही ठरत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की आजार आहे एवढ्यावरून कोणाला विकल मनाचा समजू नये. स्मृतिभ्रंशाचे आजोबा सकाळी नऊला पेन्शन किती येते ते रुपयापर्यंत सांगत, आणि संध्याकाळी आपल्याच घराची कडी काढून "मला घरी सोडा" म्हणत. लघवीचं इन्फेक्शन झालं, सोडियम उतरलं की दोन दिवस नुसता भ्रम. उपचार झाले की परत ताळ्यावर. तुमच्या आत्यांनी फाडलं ते किती वाजता?

चहाबाज
दिवेलागणीला.

काळा कोट
कलम ५९ मध्ये तेही आहे. एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस मधल्या शुद्धीच्या काळात इच्छापत्र करू शकतो. आत्या हयात आहेत, मग फाटक्या कागदावरून भांडताय कशाला? सकाळच्या वेळी मानसोपचारतज्ज्ञ बोलवा. त्यांनी आत्यांशी एकट्याने बोलावं आणि काय विचारलं, काय उत्तर आलं ते लिहून ठेवावं. "प्रकृती ठणठणीत" असं दोन ओळींचं सर्टिफिकेट कोर्टात टिकणं कठीण. साक्षीदार दोन, त्यातला एक डॉक्टर असेल तर उत्तम. बहीण मात्र त्या वेळी घरात नको. ज्याला लाभ होणार तोच पुढे पुढे करत असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती. आणि संशय फेडायचा इच्छापत्र पुढे करणाऱ्याने, हे सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय.

तिरपागडा
आणि त्या सकाळी पूर्ण शुद्धीत आत्या म्हणाल्या, "भाचीला नको, दिराच्या पोराला द्या", तर?

साठीपार
तर तसं लिहायचं.

चहाबाज
डॉक्टरांची गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. बहिणीला त्या दिवशी मुलुंडला पाठवतोय. तिरपागड्याचा प्रश्न तिला अजून सांगितलेला नाही.