रेडसाठी ग्राफिक्स उतरवणं: शहाणपण की अरसिकपणा?

आगीतला_उभा

काल रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या रेडमध्ये (टोळीने मिळून लढायच्या मोठ्या लढाईत) आमची वीस जणांची टोळी एकाच बॉसवर, म्हणजे मुख्य शत्रूवर, अकरा वेळा मेली. त्यातल्या सात वेळा मी जमिनीवरच्या आगीत उभा होतो. व्हॉइस चॅटवर माझा रीतसर उद्धार झाला. पण शपथेवर सांगतो, मला ती आग दिसलीच नाही.

सकाळी कारण सापडलं. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढावा म्हणून मी परवा ग्राफिक्सचं सगळं काही सरसकट खाली ओढलं होतं. त्या भरात 'प्रोजेक्टेड टेक्स्चर्स'सुद्धा बंद केलं. जमिनीवर उमटणारी वर्तुळं, डबकी, आगीचे पट्टे हे सगळं त्याच्याच जोरावर दिसतं. म्हणजे फ्रेम वाढवायला गेलो आणि बॉसचं निम्मं शस्त्र अदृश्य करून बसलो.

तर माझं मत असं: रेडमध्ये ग्राफिक्स उतरवायलाच हवेत, पण निवडून. प्रोजेक्टेड टेक्स्चर्सला हात लावायचा नाही. पार्टिकल डेन्सिटी (ठिणग्या, धूर यांची दाटी) फार खाली नको, नाहीतर काही इफेक्ट विरळ होऊन नजरेतून सुटतात. सावल्या, गवत, पाण्याचे तपशील, एसएसएओ (कोपऱ्यांतल्या बारीक सावल्या) खुशाल कापा. 'स्पेल डेन्सिटी' (इतरांच्या जादूचे किती इफेक्ट दिसावेत ते) सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे 'इसेन्शियल'वर, ठेवा; बाकीच्या एकोणीस जणांची आतषबाजी बघून कुणाचं भलं झालंय? आणि हे रोज बदलायची गरज नाही. रेड आणि बॅटलग्राउंडसाठी (खेळाडूंच्या आपसातल्या लढाईसाठी) वेगळी सेटिंग्ज ठेवायची सोय गेममध्येच आहे. एकदा लावून ठेवली की रेडमध्ये शिरताच आपोआप लागू होतात.

चांदणरात

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. चित्रकारांनी महिनोन्‌महिने खपून गुहा उभी करायची, छतातून झिरपणारा उजेड रंगवायचा, आणि आपण आत शिरताच दिवे घालवायचे! सावल्या नाहीत, पाणी म्हणजे निळा पुठ्ठा. मग एखादी एक्सेल शीट उघडा ना, तिथे एफपीएस भरपूर मिळेल.

शिवाय तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. तुम्ही मेलात ते ग्राफिक्स जास्त होते म्हणून नाही, कमी केले म्हणून. मी सगळं उंचावर ठेवून खेळते आणि आगीतून बाहेर पडते, कारण बॉस हात कधी उचलतो ते मी बघते.

फ्रेमटाइम

दोघंही चुकीच्या झाडाखाली उभे आहात. आधी अडतंय कुठे ते तपासा.

रेंडर स्केल (चित्र किती बारकाईने काढायचं ते) शंभरवरून सत्तरवर आणा. एफपीएस वाढला तर ग्राफिक्स कार्ड अडलं होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडलाय, आणि रेडमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं. वीस खेळाडू, त्यांचे पाळीव प्राणी, प्रत्येकाचे बफ (ताकद वाढवणारे तात्पुरते परिणाम), वर लढाईत सतत चालणारे अॅडऑन (खेळाडूंनी वरून जोडलेले छोटे प्रोग्राम). २०१८ च्या अखेरीस गेमच्या ८.१ आवृत्तीत डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) वर काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये वाटण्याची सुधारणा आली, फरक पडला, तरीही मुख्य ओझं प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, राहतं (हा धागा नव्हे).

तेव्हा प्रोसेसर अडला असेल तर अँटीएलियासिंग (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) काढून हाती काही लागत नाही, फक्त चित्र करवतीसारखं होतं. सावल्या, व्ह्यू डिस्टन्स, एन्व्हायर्नमेंट डिटेल कमी करा. त्यांचा भार प्रोसेसरवरही येतो. आणि ते चार-चार डॅमेज मीटर (कोण किती मारा करतंय ते मोजणारे अॅडऑन) काढा.

सरासरी एफपीएसची बढाईही नको. ब्लडलस्ट (सगळ्या टोळीचा वेग वाढवणारी जादू) पडल्यावरच्या ४० सेकंदांत आकडा किती खाली जातो ते बघा. ८० वर एक फ्रेम साडेबारा मिलिसेकंदांची असते, २५ वर ती ४० ची होते. नेमकं तेव्हाच बाजूला सरकायचं असतं.

चांदणरात

@फ्रेमटाइम, तुमची चाचणी आत्ता करून पाहिली. आकडा हलला नाही. म्हणजे माझं अँटीएलियासिंग आणि एसएसएओ सुरक्षित! धन्यवाद हो दादा.

हीलरबाई

इथे सगळे डीपीएसवाले, म्हणजे मारा करणारे, जमलेत असं दिसतंय. मी हीलर, बाकीच्यांना बरं करणारी; माझी नजर ८० टक्के वेळ त्यांचा जीव दाखवणाऱ्या वीस हिरव्या पट्ट्यांवर असते. गुहेचं छत मी आजवर पाहिलेलं नाही, चांदणरात ताई, माफ करा.

मला फायदा झाला तो दोनच गोष्टींचा. पहिली, कॅमेरा. कन्सोल कमांडने (टाइप करायच्या आज्ञेने) कॅमेरा मागे नेण्याची मर्यादा २.६ या आकड्यापर्यंत वाढवता येते. मागे गेलं की आग येताना दिसते, पायाखाली आल्यावर नव्हे. दुसरी, रेड फ्रेम्स, म्हणजे त्या हिरव्या पट्ट्या, कडेला न ठेवता आपल्या पात्राच्या जवळ आणणं. सावल्या चालू की बंद, हे मला आठवतही नाही. स्पेल डेन्सिटीबद्दल मात्र धागाकर्त्याला अनुमोदन.

टोळीप्रमुख

+१ हीलरबाई.

आमच्याकडे एक गडी लाल वर्तुळात हमखास मरायचा. त्याला आम्ही वर्षभर हसलो. शेवटी कळलं की त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत; हिरवट जमिनीवरचं लाल त्याच्यासाठी नव्हतंच. गेममध्ये प्रोटॅनोपिया, ड्यूटेरॅनोपिया, ट्रायटॅनोपिया या रंगांधळेपणाच्या प्रकारांसाठी फिल्टर आहेत. त्याने योग्य तो लावला, तीव्रता वाढवली, आणि आता तो माझ्यापेक्षा कमी मरतो. आमची मात्र वर्षभराची थट्टा अंगाशी आली.

चांदणरात

हे पटलं. पण मग दोष कुणाचा? मरणाची खूण जर खेळाडूंच्याच जादूखाली गाडली जात असेल, तर ती ठळक करणं बनवणाऱ्याचं काम. फायनल फँटसी १४ या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये स्वतःचे, पार्टीचे आणि इतरांचे बॅटल इफेक्ट वेगवेगळे कमी किंवा बंद करता येतात. मी तिथे इतरांचे बंद ठेवते आणि बाकी सगळं देखणं. देखावा न मारता गोंगाट मारता येतो, एवढंच म्हणणं होतं माझं पहिल्यापासून.

आगीतला_उभा

ताई, पहिल्यापासून तुम्ही एक्सेल शीट म्हणत होतात 😄

असो. आज संध्याकाळी बदल करून गेलो. प्रोजेक्टेड टेक्स्चर्स चालू, स्पेल डेन्सिटी खाली, सावल्या बंद, कॅमेरा मागे, दोन अॅडऑन काढले. बॉस चौथ्या खेपेला पडला. मी आगीत एकदाच मेलो, आणि तेव्हा ती स्वच्छ दिसत होती. मी छताकडे बघत होतो.

चांदणरात

कसं आहे छत?