मदत हवी आहे: सगळे कोर्स भरले, तरी फायनल सबमिट होऊन नाही राहिलं (तातडीचं)

तालुका_लिपिक
नमस्कार. पोर्टलवर सगळे कोर्स टाकले, विषयही टाकले. तरी फायनल सबमिट होत नाही, खाली लाल ओळी येतात. आमचे विद्यार्थी ७१२ आणि पोर्टल दाखवते १६७२. सहसंचालक कार्यालयाची प्रलंबित कॉलेजांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरून राहिली, प्राचार्य दर तासाला विचारतात. उद्या दुपारपर्यंत पाहिजे. ब्राउजर बदलून पाहिला, कॅशे साफ केला, तेवढं सोडून सांगा.

काटोलकर
कोणतं पोर्टल? कोणतं विद्यापीठ? कोणतं वर्ष? लाल ओळीत काय लिहिलं आहे?

धानपट्टा
हे महाडीबीटीचं, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं दिसते. कोर्स कॉलेजच्या खात्यात जोडलेला नसला की विद्यार्थ्याला यादीत दिसतच नाही. लिपिकाच्या लॉगिनमधून कोर्स जोडा, शिकवणी शुल्क, परीक्षा शुल्क, इतर शुल्क वेगवेगळं भरा, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून मंजूर करा. एकाच लॉगिनवर दोन्ही कामं होत नाहीत. फीचा आकडा विद्यापीठाच्या शुल्कपत्रकाशी जुळला पाहिजे, नाही तर अर्ज वरून परत येतात. आणि बीएच्या मुलींना फी माफ आहे असं पालक सांगत येतील, पण जुलै २०२४ चा शंभर टक्के माफीचा जीआर व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. बीएला तो लागत नाही.

तालुका_लिपिक
महाडीबीटी नाही हो भाऊ. आयशे! केंद्राचा उच्च शिक्षणाचा दरवर्षीचा सर्वे. आयशेच्याच तर तारखा चालू आहेत ना. डीसीएफ-२, कॉलेजनं भरायचा फॉर्म.

काटोलकर
मग तसं लिहा ना राजेहो. तालुक्याच्या कॉलेजात एकच माणूस आयशे, महाडीबीटी, यूडायस (शाळांची माहिती), विद्यापीठाचं पोर्टल आणि नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), सगळंच पाहते. 'पोर्टल' म्हटल्यावर समोरच्यानं काय समजायचं? आणि वर्ष अजून सांगितलं नाहीच. आयशेचा सर्वे चालू सत्राच्या मागं असतो. हजेरीपट या वर्षीचा आणि सर्वे मागच्या वर्षीचा, असं सर्रास होते. त्या वर्षाच्या सूचनापुस्तिकेत संदर्भ दिनांक दिलेला असतो, त्या दिवशी पटावर असलेलेच विद्यार्थी धरायचे.

जुना_नोडल
१६७२ मधून ७१२ वजा केले की ९६० उरतात. म्हणजे ४८० ची दुप्पट. तुमचे बीएचे विद्यार्थी ४८० आहेत का?

तालुका_लिपिक
हो सर, तिन्ही वर्षं मिळून ४८०. बीकॉम १४०, एमए ९२. तुम्हाला कसं कळलं?

जुना_नोडल
बीएचा प्रत्येक विषय तुम्ही वेगळा कोर्स म्हणून टाकला आहे. बीए इतिहास, बीए राज्यशास्त्र, बीए मराठी वाङ्मय, बीए अर्थशास्त्र, अशा ओळी असतील. एक मुलगा तीन विषय घेते, म्हणून तो तीन ओळींत मोजला गेला. बीकॉम एकाच ओळीत आहे म्हणून तिथं फुगवटा नाही.

आयशेच्या दृष्टीनं बीए हा एकच प्रोग्रॅम. पातळी पदवी, प्रोग्रॅम बीए, विद्याशाखा कला. एक विद्यार्थी, एक ओळ, एकदाच. बीएस्सीचंही तसंच. एमएचं मात्र उलट आहे: एमए मराठी आणि एमए समाजशास्त्र हे दोन प्रोग्रॅम, कारण तिथं विद्यार्थी एकाच विषयाची पदवी घेतो.

प्रा_पांढरकवडा
असहमत. विषय टाकलेच नाहीत तर कॉलेजात कोणते विषय शिकवतात हे सरकारला कळणार कसं? नॅकच्या वेळी प्रोग्रॅमची संख्या विचारतात, तिथं आयशे आणि स्वमूल्यमापन अहवालातले आकडे जुळावे लागतात. आम्ही विषयवारच भरतो, आजवर कोणी काही म्हटलं नाही.

जुना_नोडल
कोणी म्हटलं नाही म्हणजे बरोबर असं होत नाही. विषय शिक्षकांच्या माहितीत येतात, प्रत्येक शिक्षकासमोर त्याची विद्याशाखा भरावी लागते. नॅकचं म्हणाल तर तिथं विद्यार्थीसंख्याही जुळवून पाहतात. विद्यापीठाच्या नामांकन (विद्यार्थी नोंदणी) यादीत ७१२ आणि आयशेत १६७२, हे कसं समजावून सांगाल?

प्रा_पांढरकवडा
एनईपीत, म्हणजे नव्या शिक्षण धोरणात, मेजर (मुख्य) विषय पदवीवर येतो. मग मेजरनुसार वेगळी ओळ का नको?

जुना_नोडल
पहिल्या वर्षाला मेजर अजून पक्का झालेला नसतो, ती ओळ भरणार कशी? तुमच्या विद्यापीठानं संलग्नीकरण पत्रात मेजरनुसार स्वतंत्र प्रोग्रॅम आणि स्वतंत्र प्रवेशक्षमता दिली असेल तर गोष्ट वेगळी. पत्रात 'बीए, इतकी प्रवेशक्षमता' एवढंच असेल तर एकच ओळ.

तालुका_लिपिक
लाल ओळींचं कोणीच नाही सांगितलं. त्या 'सर्टिफिकेट' आणि 'डिप्लोमा'समोर येऊन राहिल्या. लिहून येते की नावनोंदणी भरलेली नाही.

काटोलकर
हे दोन कोर्स तुमच्याकडं आले कुठून? मान्यता कोणाची?

तालुका_लिपिक
एनईपीत पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा आहे ना. म्हणून बीए आणि बीकॉम दोन्हींसाठी टाकले.

जुना_नोडल
हे घ्या, सापडलं. ते कोर्स नाहीत, बाहेर पडायचे टप्पे आहेत. राज्याच्या श्रेयांक आराखड्यात ४० ते ४४ क्रेडिटवर सर्टिफिकेट, ८० ते ८८ वर डिप्लोमा, १२० ते १३२ वर तीन वर्षांची पदवी, १६० ते १७६ वर ऑनर्स. प्रवेश घेताना विद्यार्थी बीएलाच येतो, सर्टिफिकेटला कोणी प्रवेश घेत नाही. म्हणून त्या ओळीत नावनोंदणी कधीच येणार नाही आणि फॉर्म अडून बसेल. शून्य टाकून पुढं जाऊ नका, ओळच काढा. सगळ्या ओळी काढताना क्रम असा ठेवा:

आधी विषयवार बीएच्या ओळींतले नावनोंदणीचे आणि निकालाचे आकडे काढून सेव्ह करा. मग त्या कोर्सच्या ओळी काढा. मग चारही सर्टिफिकेट-डिप्लोमा ओळी. त्यानंतर बीएची एकच ओळ नव्यानं घाला आणि वर्षनिहाय आकडे भरा. सेमिस्टर पद्धत असली तरी आकडे वर्षानुसारच: पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. आकडे तसेच ठेवून ओळ आधी काढली तर एकूण बेरजेत काय उरलं ते शोधत बसावं लागेल.

निकालाच्या भागात फक्त अंतिम वर्षाचे विद्यार्थी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे उत्तीर्ण तिथं नकोत.

प्रा_पांढरकवडा
कालावधीत चार वर्षं टाका. नवीन अध्यादेशात पदवी चार वर्षांची आहे.

काटोलकर
चौथ्या वर्षाची परवानगी नसताना चार कसे टाकायचे? संलग्न कॉलेजांत एनईपी २०२४-२५ पासून लागलं, म्हणजे चौथ्या वर्षाला पहिली बॅच २०२७-२८ ला पोचेल. तोवर तो रकाना रिकामाच.

जुना_नोडल
भांडू नका. पुन्हा तेच सांगतो, संलग्नीकरण पत्र काढा. त्यात तीन तर तीन, चार तर चार. जुन्या आणि नव्या पॅटर्नसाठी दोन बीए करू नका. विनाअनुदानित तुकडी असेल तर मात्र ती स्वयंअर्थसहाय्यित म्हणून वेगळी दाखवा, अनुदानितमध्ये मिसळू नका.

आकडेताई
सगळे ओळींवर भांडून राहिले, रकान्यांकडं कोणाचं लक्ष नाही. 'टोटल' रकान्यात मुलं अधिक मुली, आणि शेजारच्या 'फीमेल'मध्ये त्यातल्याच मुली. 'टोटल'मध्ये फक्त मुलं भरणारी कॉलेजं खूप आहेत. मग कधी मुली एकूण संख्येपेक्षा जास्त होतात आणि फॉर्म अडतो, नाही अडला तर आणखी वाईट, कारण चूक तशीच वर जाते.

दुसरं आपल्या विदर्भाचं. 'इतर अल्पसंख्याक' ही ओळ इकडं शून्य सोडतात. बौद्ध हे अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. अनुसूचित जातीचा बौद्ध विद्यार्थी अनुसूचित जातीच्या रकान्यात येतोच, १९९० च्या दुरुस्तीपासून ती सवलत बौद्धांना आहे. पण तोच विद्यार्थी 'इतर अल्पसंख्याक' ओळीतही येतो. दोनदा मोजला जाईल ही भीती नको, कारण ती ओळ एकूणपैकी असते, बेरजेत धरत नाही. दिव्यांग आणि मुस्लिम या ओळींचंही तसंच. प्रवेश अर्जात धर्माचा रकाना असतो, जनरल रजिस्टरवरून काढू नका, तिथं बरेचदा नुसती जात लिहिलेली सापडते.

व्हीजे, एनटी, एसबीसी (विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास) यांना वेगळा रकाना नाही. आपल्याकडं ते ओबीसीत धरतात.

धानपट्टा
आणि एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणवाले?

आकडेताई
विद्यापीठात आयशेचं काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि ते सांगतील तसंच दरवर्षी ठेवा. एक वर्ष ओबीसी आणि एक वर्ष जनरल केलं तर दोन्ही वर्षांचे आकडे वाया.

तालुका_लिपिक
सांगितल्या त्या सगळ्या ओळी काढल्या, आता ७१२ बरोबर येऊन राहिले. पण प्राचार्य म्हणतात मुक्त विद्यापीठाच्या केंद्राचे १६० आणि ज्युनिअरचे ३१० पण टाका, संख्या वाढते.

जुना_नोडल
टाकू नका. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी नाशिकचं विद्यापीठ स्वतःच्या फॉर्ममध्ये देते. तुम्ही टाकले की ते राज्यात दोनदा मोजले जातात. अकरावी-बारावी उच्च शिक्षणात येतच नाही, ती यूडायसला जाते. ओळखायला सोपं आहे: आयशेचा तुमचा कोड 'सी' नं सुरू होतो, यूडायसचा कोड अकरा आकडी आणि २७ नं सुरू. ज्युनिअरचे शिक्षकही शिक्षकांच्या यादीतून काढा.

काटोलकर
नॅकसाठी चालवलेले तीस तासांचे सर्टिफिकेट कोर्सही तपासा. आयशेच्या व्याख्येत बारावीनंतरचं किमान नऊ महिन्यांचं पूर्णवेळ शिक्षण धरतात. तीस तासांचं त्यात बसत नाही.

धानपट्टा
शिक्षकांच्या यादीचा विषय निघालाच तर सीएचबीवाल्यांचं, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं काय? वर्षभर शिकवतात ते, आणि यादीत नाव नाही. मानधन वेळेवर नाही ते वेगळंच.

प्रा_पांढरकवडा
मानधनाचा विषय काढला तर धागा शंभर प्रतिसादांवर जाईल.

आकडेताई
सीएचबी शिक्षकांची नावं भरायचीच, पण नेमणुकीच्या प्रकारात कायम लिहू नका. कायमची संख्या विद्यापीठाच्या मान्यतापत्रांशी जुळली पाहिजे.

तालुका_लिपिक
शिक्षकांची यादी झाली, सीएचबी पण घेतले. सबमिट करू का आता?

जुना_नोडल
थांबा जरा. सबमिटच्या आधी फॉर्मची प्रिंट काढा आणि तीन बेरजा पेनानं मारा: वर्षनिहाय बेरीज, जातनिहाय बेरीज, विद्यापीठाची नामांकन संख्या. तिन्ही ७१२ आल्या तरच बटण दाबा. एकदा फायनल झालं की दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्याकडून फॉर्म उघडून घ्यावा लागतो, आणि शेवटच्या दिवशी तिकडं फोन कोणी उचलत नाही.

तालुका_लिपिक
जातनिहाय बेरीज ७११ येऊन राहिली. एक कुठं गेला?

आकडेताई
ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) रकाना पाहा. तो जनरलपासून वेगळा आहे, तिथला एखादा विद्यार्थी दोन्हीकडून सुटला असेल. नाही सापडला तर बीकॉम द्वितीय वर्षापासून प्रवेश रजिस्टर लावून पाहा, दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेल्यांची जात बरेचदा भरायची राहते.

तालुका_लिपिक
बीकॉम द्वितीयचाच होता, दारव्ह्याहून बदलून आलेला. ७१२ झाले. प्रिंट प्राचार्यांच्या सहीला दिली.