खाडीतल्या जुव्यावर घर: चिरा (जांभा दगड) की आरसीसी? आणि सामान नेण्याचा हिशेब

प्रश्न — जुवेकर_८

कालावल खाडीतल्या एका जुव्यावर (बेटावर) ८ गुंठे जागा आहे. एक बाजू थेट पाण्याला लागून, तिथे थोडं कांदळवन. पूल नाही, सगळं सामान होडीने. ७०० चौरस फुटांचं बैठं घर आणि वर कौलं, असा विचार आहे. दोन ठिकाणांहून सल्ला आला की आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) फ्रेम करून एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक लावा, वजन वाचेल. हे पटण्यासारखं आहे का? घर पाण्यापासून किती आत घ्यावं? विहिरीचं पाणी काँक्रीटला चालेल का?

उत्तर — भरतीरेषा

आधी जागेचं बघा, घराचं मग. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत खाडीतल्या बेटांसाठी भरतीरेषेपासून २० मीटरचा पट्टा आहे. त्यात स्थानिकांचं जुनं घर दुरुस्त करता येतं किंवा पुन्हा बांधता येतं, नवीन नाही. पण तुमच्याकडे कांदळवन आहे, म्हणजे २० मीटर धरून नकाशा काढलात तर फसाल. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार महाराष्ट्रात कांदळवनाभोवती ५० मीटर मोकळे ठेवायचे, जमीन खाजगी असली तरीही. ८ गुंठ्यांत ५० मीटर गेले तर घराला जागा उरते की नाही, हे मोजणी करून घेतल्याशिवाय एक चिरासुद्धा विकत घेऊ नका. भरतीरेषाही डोळ्यांच्या अंदाजाने धरू नका, मंजूर नकाशावरची घ्या. धक्का बांधायची परवानगी मेरीटाइम बोर्डाकडून, ती घराच्या परवानगीत येत नाही.

उत्तर — चिरा_चुना

फ्रेमचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. आकडे मांडतो.

७०० फुटांच्या घराला साधारण १४० फूट लांब भिंत लागते, उंची १० फूट. दारं-खिडक्या वजा केल्या की १२०० चौरस फूट. १४×९×७ इंचांचा चिरा धरला तर १६०० चिरे. एक साधारण ३० किलोचा, म्हणजे ४८ टन. २ टनांच्या होडीत ६५ चिरे बसतात, २५ खेपा. हीच भिंत ८ इंची एएसीत १५ टनांच्या आत येते. इथपर्यंत सल्ला खरा.

पण एएसीला फ्रेम हवीच, आणि फुटिंग, कॉलम, बीम धरून १६-१७ घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे ४० टन आणि वर लोखंड. चिऱ्याच्या भिंतीला जोतं, लिंटेल आणि छपराखाली असे तीन बँड (सळ्या घातलेले काँक्रीटचे आडवे पट्टे) पुरतात, १५० मिमी जाडीचे, साडेचार घनमीटरच्या आसपास. चिऱ्याच्या घराला पायाचा दगड जास्त लागतो, त्यामुळे एकूण वजन चिऱ्याचं थोडं जडच भरेल. तरीही मी चिराच सुचवेन. वजन एकदाच वाहायचं असतं. खाऱ्या हवेत गंज सळीला लागतो; सळी गंजली की फुगते, तिच्यावरचा काँक्रीटचा थर (कव्हर) फुटतो, आणि दुरुस्तीचं सगळं सामान पुन्हा होडीनेच. जितकी सळी कमी, तितकं घर टिकणार.

अट एकच. दोन-तीन ठिकाणी २ मीटरचे खड्डे घेऊन बघा. खाली खाडीचा मऊ काळा चिखल निघाला तर चिऱ्याच्या भिंती खचून तडकतील. मग राफ्ट (सगळ्या घराखाली एकसलग काँक्रीटचा पाया) किंवा फ्रेमशिवाय पर्याय नाही.

बँडसाठी एम३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) च्या खाली जाऊ नका. किनाऱ्यावरच्या काँक्रीटला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) एम३०, कव्हर ४५ मिमी आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. लाटांचे तुषार येत असतील तर एम३५ आणि ५० मिमी. ०.४५ म्हणजे ५० किलोच्या पिशवीमागे २२ लिटरच पाणी. इथेच सगळं बिघडतं: वाळू ५ टक्के ओली असेल तर १०० किलो वाळूत ५ लिटर पाणी आधीच असतं, ते वजा करत नाहीत. कव्हरचे ठोकळे त्याच काँक्रीटचे पाडून ठेवा, चिऱ्याची कपची अजिबात नको. खाडीची वाळू खारी असते, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणा. सळ्या वखारीतच मापाने कापून घ्या. १२ मीटरची सळी दुमडून होडीत घातली की पुन्हा सरळ करताना वाकाला कमजोर होते.

सिमेंट जास्त साठवू नका, महिन्याभरात संपेल इतकंच. फळ्यांवर वीतभर उंच, भिंतीपासून फूटभर दूर, वरून ताडपत्री.

जुवेकर_८

धन्यवाद. विहीर आहे, मे महिन्यात मचूळ लागते.

उत्तर — गोडेपाणी

मग मे महिन्यातलंच पाणी तपासा, ऑक्टोबरचं नको. आरसीसीला क्लोराइड ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत हवं. टीडीएसचा (विरघळलेल्या एकूण क्षारांचा) मीटर क्लोराइड वेगळं दाखवत नाही, प्रयोगशाळेतच द्या. काँक्रीट भिजवत ठेवायलाही असंच तपासलेलं पाणी.

जुव्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा फूटभर वर असेल तर ढोबळ हिशेबाने खाली ४० फूट गोडं पाणी. मोठा पंप लावून पातळी अर्धा फूट उतरवलीत की खालचं खारं त्याच्या ४० पट, म्हणजे २० फूट वर चढायला लागतं. म्हणून विहीर रुंद आणि उथळ, पंप लहान, उपसा थोडा-थोडा. बोअर मारू नका.

पिण्याचं पाणी छपरावरून. ७० चौरस मीटर छप्पर, सिंधुदुर्गात ३००० मिमी पाऊस धरला, पाचवा हिस्सा वाया गेला तरी १,६८,००० लिटर. चार माणसांना प्यायला-स्वयंपाकाला दिवसाला ८० लिटर, २४० कोरडे दिवस: २० हजार लिटरची टाकी पुरते. ती घराच्या आदल्या वर्षी बांधा आणि पावसाळ्यात तात्पुरत्या शेडच्या पत्र्यावरून भरून घ्या. बांधकामालाही तेच पाणी कामी येईल. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर. सेप्टिक टाकी रिकामी ठेवून पावसाळा काढू नका. भूजल वर आलं की टाकी तरंगून पाइप तुटतात.

चिरा_चुना

खेपांची वेळ अशी धरा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हे ढोबळ आहे, खाडीत आत थोडा फरक पडतो, तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) विचारा. चिरे-खडी उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला, कौलं आणि सिमेंट भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) शांत पाण्यात. बँड ओतायच्या दिवशी खडी, वाळू, सिमेंट सगळं आदल्या दिवशीच जुव्यावर मोजून घ्या, आणि एक बंद पडला तर म्हणून दुसरा मिक्सर चालू करून बघून ठेवा.