क्रिसला सहाच कप्पे: भीती की नुसती पायपीट?

डीपी_जळाली
१९९६ चा पहिला रेसिडेंट ईव्हिल हा झॉम्बींचा व्हिडिओ गेम लोक आजही डोक्यावर घेऊन नाचतात. त्यातली भीती मान्य, कंट्रोलही एक वेळ मान्य. पण क्रिस हे पात्र घेऊन खेळलं की सामानाला सहाच कप्पे, ते मान्य नाहीत. मोजा: पिस्तूल एक, त्याच्या गोळ्या दोन, शॉटगन तीन, काडतुसं चार, जडीबुटी पाच. सहाव्यात किल्ली घेतली की समोर पडलेलं, मागचं दार उघडायला लागणारं चिन्ह उचलता येत नाही. मग जादा सामान ठेवायच्या पेटीच्या खोलीपर्यंत परत, पुन्हा ते दार हळूहळू उघडताना बघत बसा. पहिल्या फेरीत झॉम्बीची भीती वाटते, तिसऱ्या फेरीत तो नुसता रस्त्यात बसलेला बैल. दुसरं पात्र जिल, तिला मात्र आठ कप्पे, वर कुलूप उघडायची तार. क्रिसनं साध्या कुलपासाठीही छोटी किल्ली शोधायची, आणि तीही कप्पा खाते.

पऱ्हाटी_९६
काहून बाप्पा, वावरात जातानी सारं घर बंडीत टाकता का? दोन्ही बंदुका संगं कायले पायजेत? साफ केलेल्या वाटेनं जायचं असन तं पंधरा गोळ्या भरलेलं पिस्तूल घ्या, बस. सुरा पयलेच पेटीत टाका. पेटी कोनतीबी उघडा, सामान तेच निघते. चारी चिन्हं एकदम न्यायची नसतात, जे भेटलं ते मागच्या दाराजवळ बसवून मोकळं व्हा. किल्लीचं काम सरलं का गेम सोताच इचारते, फेकू का म्हून. हो म्हना. हिरवी अन् लाल बुटी मिसळली का एकाच कप्प्यात पुरा जीव भरते. लाल एकटी कवडीच्या कामाची नाही. अन् शॉटगन दुरून मारू नोका. त्याले जवळ येऊ द्या, नेम वर धरा, मंगच दाबा. एका काडतुसात मुंडकं उडते.

डीपी_जळाली
ती शॉटगन मिळते कशी ते पण सांगा ना. भिंतीवरून उचलली की बाजूच्या खोलीचं छत खाली येतं. म्हणून आधी मोडकी शॉटगन घेऊन जायची आणि तिच्या जागी टांगायची. म्हणजे एक कप्पा मोडकीला, एक चांगलीला. जिलला तेवढंही नाही, तिचा साथीदार बॅरी येऊन दार फोडतो.

वखर
कप्प्यांपेक्षा "कंट्रोलही एक वेळ मान्य" हे मला खटकलं. मागची चित्रं आधीच रंगवून ठेवलेली, कॅमेरा जागेवर खिळलेला. दोन पावलांवर कोन बदलतो. स्क्रीनच्या दिशेनं चालायची सोय असती तर प्रत्येक बदलाला माणूस उलटा फिरला असता. म्हणून वरचं बटण म्हणजे "त्याच्या नाकासमोर", ते कुठल्याही कोनात बदलत नाही. कमी आहे ती झटकन मागं वळायच्या सोयीची. ती १९९९ च्या तिसऱ्या भागात आली. पहिल्यात अरुंद बोळात कुत्रा मागून आला की जागच्या जागी गोल फिरण्यातच चावा बसतो. २०१५ च्या एचडी आवृत्तीत स्टिकच्या दिशेनं चालता येतं, पण मग झॉम्बीला वळसा घालणं फारच सोपं होतं.

बोंडअळी
पेटीच काढून टाकली तर काय होतं ते २००२ च्या रेसिडेंट ईव्हिल झिरोमध्ये पाहा. सामान जमिनीवर टाकायचं, नकाशावर खूण राहते, आणि वर चढायचा हुकशॉट एकटाच दोन कप्पे अडवतो. त्यापुढं क्रिस सुखी म्हणायचा.
माझी तक्रार रिबनची. टाइपरायटरवर एक सेव्ह म्हणजे एक रिबन गेली, आणि ऑटोसेव्ह नाही. आपल्याकडं विजेचं थ्री फेजचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं, सिंगल फेजचा तर भरवसाच नाही. डेस्कटॉपवर खेळणाऱ्यानं तासाभराचं काम वाऱ्यावर सोडायचं? जुना गेम संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरची सेव्ह स्टेट (कुठल्याही क्षणी खेळ आहे तसा जपून ठेवायची सोय) वापरा, पण तिच्यावरच विसंबू नका: आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. गेमच्या स्वतःच्या सेव्हची मेमरी कार्डाची फाइल टिकते. म्हणून पेटीजवळ पोचलात की टाइपरायटरवरही एक सेव्ह करा. रिबन मात्र पेटीतच ठेवा, सोबत घेतली की तोही कप्पा गेला.

पऱ्हाटी_९६
स्टेट वापरली का भेव कायचं राह्यलं? बोळात घुसाच्या आंधी सेव्ह, चावलं का लोड. त्यापरस पाच हजाराचा यूपीएस घ्या.
अन् डीपीभाऊ, तुमाले जिल घेऊन खेळाले कोनं अडोलं?

डीपी_जळाली
जिल म्हणजे बाझूका, तार, बॅरी, सगळंच आयतं. मधलं काही ठेवलंच नाही, भांडण त्याचंच आहे.